काशिनाथला कुणी भरवायचं नाय

माझं गाव तुडील, सावित्री नदीच्या काठचं, तिथली बौद्धवाडी, आणि मी पहिली साडी नेसलो ती तेराव्या वर्षी, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं तुम्हाला दचकायला नको. आमच्या वाडीत जयंतीला नाटक बसायचं, बायका काय तेव्हा स्टेजवर यायच्या नायत, मग नाकीडोळी नीटस पोरगा बघायचे आणि त्याला नायिका करायचे, तो मी. आता हे पोट आणि हे टक्कल बघून हसू नका. तेव्हा मी पदर सावरला की पुढच्या रांगेतले म्हातारे पण सावरून बसायचे. आमचे नाटकाचे मास्तर मला बोलायचे, यशवंता, माणूस करायचा तर त्याच्या तोंडाकडे बघू नको, तोंड खोटं बोलतं, त्याचे हात बघ, हात आधी शिक, शब्द मागनं आपोआप येतात. मास्तर गेले, नाटकं गेली, पण ते हातांचं वाक्य माझ्याकडं राहिलं, आणि त्याच वाक्यानं मला एक थप्पड मिळवून दिली. तीच गोष्ट सांगतो, बसा नीट.

सगळे गेले तसा मी पण मुंबईला गेलो, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, गिरणी बंद पडली, बिस्तरा गोल करून परत आलो. लग्न झालेलं, दोन पोरी झालेल्या, काम काय नाय. तेव्हा महाडात हायवेच्या अंगाला ही संस्था नवीनच निघाली होती, मतिमंद माणसांसाठी, राहण्याजेवण्याची. मी झाडू मारायला लागलो. एक माणूस रजेवर गेला तो आलाच नाय, मग झाडूवरनं मी माणसांवर आलो, म्हणजे त्यांना अंघोळ घालायची, दाढी करायची, औषध द्यायचं, मारामारी झाली तर मधी पडायचं. चौदा जण होते. गावात सगळे याला मुलांचा आश्रम बोलायचे. मुलं! सगळ्यात लहान मुलगा बावीस वर्षांचा आणि सगळ्यात मोठ्याच्या छातीवरचे केस पिकलेले. मी त्यांच्या दाढ्या करायचो, मला ठाऊक ना कसली मुलं ती. संस्था चालवायच्या त्या बाई, शाळेतनं रिटायर झालेल्या, कडक पण मनाच्या सरळ. स्वयंपाकाला वत्सलामावशी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर अध्यक्ष, कापडाचे मोठे व्यापारी, त्यांना आम्ही शेठ बोलायचो.

आणि काशिनाथ. पोलादपूरच्या पुढं आंबेनळी घाट सुरू होतो ना, त्याच्या पायथ्याला एक वाडी हाय, तिथला. तेव्हा अडतीस वर्षांचा. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि मिशी अशी की फौजदारानं मागून न्यावी. बोलता येत नव्हतं. हूं करायचा, त्या एका हूंमधी हो पण असायचं आणि नको पण असायचं, ऐकणाऱ्यानं ओळखायचं. बाप वारला, आई थकली, म्हणून आईनंच आणून सोडला. कामाला वाघ. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, दुसऱ्याचं पांघरूण सरकलं तर सारखं करायचा. दोन वर्षं त्यानं माशी मारली नाय. आणि मग एकदम थुंकायला लागला, ताट उडवायला लागला, पाहुण्यांना ढकलायला लागला. कधी? ते कळत असतं तर मग काय.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाय. संस्था चालायची लोकांच्या जेवणावर. कुणाच्या पोराचा वाढदिवस, कुणाच्या बापाचं श्राद्ध, कुणाचं दुकान नवीन, की लोक बोलणार, चला, त्या मुलांना एक गोड जेवण घालू. वाईट नाय, मी नावं नाय ठेवत, त्या जेवणावर आम्ही पण जेवलो. पण नुसतं जेवण द्यायचं नसतं ना, पुण्य आपल्या हातानं लागायला पाहिजे. मग चौदा जणांना ओळीत बसवायचं, दाता यायचा, बायकापोरं घेऊन, फोटोवाला घेऊन, आणि एकेकाच्या तोंडात आपल्या हातानं घास घालायचा. गालाला चिमटा काढायचा. आ कर बाळा. अडतीस वर्षांचा माणूस, एवढी मिशी, आणि दहावीतली पोरगी त्याला बोलते, आ कर बाळा! मी तिथं भिंतीला टेकून उभा असायचो, मला काय वाटायचं म्हणता? खोटं कशाला बोलू, काय पण वाटायचं नाय. मी पण हसायचो. तेच तर सांगतोय, राग जो येतो तो आधी स्वतःचाच येतो, मग बाकीच्यांचा.

तर काशिनाथ असा करायला लागला म्हणून बाईंनी पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. मानसशास्त्राच्या. महिन्यातनं एकदा यायच्या, लहान चणीच्या, पोरगीच, मला वाटलं ही काय सांगणार. त्यांनी मला एक वही दिली आणि पानावर उभ्या रेघा मारून तीन खाने केले. आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. बोलल्या, यशवंतभाऊ, जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं. तो चिडला, तो बिघडला, असं लिहायचं नाय, ते आपलं मत झालं. कोण समोर होतं, काय बोललं, हात कुठे होता, ते लिहा. कुणी उगाच मारत नाही, बोलता येत नसलं की अंग बोलतं. मी मनात बोललो, अरेच्चा, ही तर आमच्या मास्तरांची बहीण निघाली.

मी सातवी पास. अक्षर माझं बैलाच्या पायासारखं, पण लिहायला लागलो मन लावून. आता खरी गंमत बघा. मी लिहायचो ओट्यापाशी बसून, आणि वत्सलामावशी फोडणी देता देता मला सांगायची काय लिहायचं ते. ती बोलली, पोरा, कॅलेंडर बघ. मी बघितलं. जेठात ताट उडवलं, कधी, तर अमावास्येला. त्याच्या आधी थुंकला होता, ती पण अमावास्या. मावशीनं पळी उगारून सांगितलं, घाटाखालची वाडी ती, कायतरी लागीर घेऊन आलाय, ते अवसेला उठतं. झालं. मी पहिल्या खान्यात ऐटीत लिहिलं, अमावास्या. दिसेल ते लिहा बोलल्या होत्या ना मॅडम, मग, कॅलेंडर दिसतच होतं. पंधरा ऑगस्टला एका मंडळाची पोरं जिलेबी घेऊन आली, तेव्हा यानं एकाला ढकलून पाडलं, त्या दिवशी अमावास्या नव्हती, तर मावशी बोलली, कुठंतरी गिऱ्हाण लागलं असेल. मी ते पण लिहिलं. हसा, हसा, मी पण हसतो. पण पुढचं ऐकल्यावर हसू नका.

श्रावणातली अमावास्या आली. बाजारातला एक व्यापारी दर अमावास्येला गोड जेवण घेऊन यायचा, तो त्या दिवशी येणार होता. मी हुशार झालेलो, वही लिहिणारा माणूस. मी ठरवलं, आज तमाशा व्हायलाच नको. काशिनाथचा उजवा हात माझ्या पंच्यानं खिडकीच्या गजाला बांधला. सैल नाय, चांगला बांधला. तो माझ्याकडं बघत होता. व्यापारी आला, त्यानं शिऱ्याचा घास केला, आ कर बाळा, यानं तोंड घट्ट मिटलं, तरी त्यानं बोटानं आत दाबला. मिशीवरनं तूप ओघळलं. काशिनाथ हलला नाय. नुसता डोळ्यातनं पाणी काढत बसला. सगळे बोलले, आज किती गुणी झालाय बघा. आणि मी वहीत काय लिहिलं ठाऊक हाय? मी लिहिलं, आज शांत होता. ती वही अजून संस्थेच्या कपाटात हाय. माझंच अक्षर, मला नाय म्हणता येत नाय.

मग आली सर्वपित्री. शेठच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं, तिचे सासरे म्हणजे शेठचे व्याही, आपल्या वडलांच्या नावानं आमच्याकडं जेवण घालणार होते. काय तयारी, काय तयारी! खीर-वडे, अळूचं फतफतं, दारात रांगोळी, शेठ स्वतः सकाळपासनं येऊन बसलेले, व्याह्यांपुढं नाक वर राहायला पाहिजे ना. बाईंनी मला सांगितलं होतं, यशवंत, या वेळी बांधाबांधी नको, मला ते बघवत नाही. म्हणून तो मोकळा होता. व्याही आले, पांढरं धोतर, बोटात खड्याची अंगठी. वड्याचा तुकडा खिरीत बुडवला, काशिनाथच्या पुढ्यात उभे राहिले, डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि उजव्यानं घास तोंडात घातला, बोटांसकट. काशिनाथनं तोंड मिटलं. वडा पण आत, बोट पण आत, अंगठी पण आत. व्याही ओरडले ते पार हायवेवर ऐकू गेलं असेल. फोटोवाल्यानं घाबरून फोटो मारला, तो फोटो मी नंतर बघितला, देवा, माझ्या बापानं असलं नाटक लिहिलं नसतं. बोटाला तीन टाके पडले.

इथपर्यंत गंमत. पुढं गंमत नाय. शेठ दुसऱ्या दिवशी आले आणि बाईंना बोलले, हा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं दिसता कामा नये, वेड्यांच्या इस्पितळात पाठवा, मी कागद करतो. बाई बोलल्या, त्याला वेड नाही, त्याची बुद्धी कमी आहे, वेगळी गोष्ट आहे. शेठ बोलले, बाई, मला शिकवू नका, चावतं ते जनावर. तिथनं माणूस परत येत नव्हता हो, तेव्हा तरी मी आलेला बघितला नव्हता. आणि तोवर शांत राहावा म्हणून गावातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्या गोळीनं काय झालं? काशिनाथचे हात थरथरायला लागले. भात उचलायचा, तोंडाशी नेईपर्यंत अर्धा मांडीवर. मग मावशीला दया आली, ती भरवायला लागली. मग तो मावशीवर पण गुरगुरायला लागला, मग डॉक्टर बोलले, एक गोळी वाढवा. बघा चाक कसं फिरतं ते. आम्ही शहाणे, तो खुळा.

इस्पितळाच्या कागदावर आईचा अंगठा लागणार होता. कुणाला पाठवणार, मला. खिशात कागद, पिशवीत शाईचं पॅड, पोलादपूरला एसटी बदलली, घाटाच्या तोंडाशी उतरलो, पुढं शेताच्या बांधावरनं चाललो. भात पिवळं व्हायला लागलेलं. म्हातारी दारात कुळीथ निवडत बसलेली, दोन हाडं आणि एक लुगडं, एवढीच. मी बोललो, आये, मी संस्थेतला, काशिनाथला सांभाळणारा. तिनं आधी विचारलं, जेवलास काय? नाय बोललो. तिनं नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, ना जात विचारली ना गाव. मी खाता खाता सगळं सांगितलं, बोट, टाके, गोळी, हात थरथरतो ते, मावशी भरवते ते. भरवते बोललो आणि म्हातारीचा हात सुपात थांबला.

कोण भरवतं त्याला?

मी बोललो, सगळेच. पाहुणे येतात ते पण.

काय सांगू तुम्हाला, ती जी माझ्याकडं बघितली. बोलली, पोरा, तो सहा वर्षांचा झाला तरी त्याचा हात तोंडाला लागत नव्हता. लोक बोलायचे, गो, भरव आणि गप बस, याला काय यायचं नाय. मी बोलले, उद्या मी मेले तर माझ्या मागं याच्या तोंडात कोण घालील? मी रोज त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि माझं ताट झाकून समोर बसायची. तो स्वतःच्या हातानं चार घास खाईल तेव्हा मी खायची. किती दिवस उपाशी झोपले ते मला विचारू नको. दोन पावसाळे गेले. एक दिवस त्यानं सगळी पेज स्वतः खाल्ली, एक शीत सांडलं नाय, आणि उठून त्यानं माझं ताट उघडलं, माझ्यापुढं सरकवलं. वाडीत कुणाचं लग्न असो, कुणाच्या दिवसकार्याचं जेवण असो, माझा काशा पंगतीत बसायचा, मोठ्या माणसांच्यात, आणि पंगतीला मीठ तोच वाढायचा. एवढं एकच त्याला येतं रे या जगात. ते तुम्ही काढून घेतलंत.

माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मला तो पंचा आठवला. तिला सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाय. धीर झाला नाय. मग तिनं विचारलं, कशाला आलास, खिशात तो कागद कसला? मी बोललो, नाय आये, शाई वाळलीय, नंतर येतो. निघताना ओढ्यात पॅड उघडून बुडवलं, चांगलं निळं पाणी वाहिलं. संस्थेत येऊन बाईंना सांगितलं, पॅड भिजलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, पॅडकडं बघितलं, पाऊस तर चार दिवस नव्हता, आणि पॅड कपाटात टाकून कुलूप लावलं.

मग मी वही काढली आणि ओट्यापाशी बसलो. मावशीला बोललो, आषाढातली अमावास्या काढ बघू. तेव्हा सावित्रीचं पाणी बाजारात शिरलेलं, आठवतं? व्यापारी येऊच शकला नव्हता. आपण खिचडी केली. काशिनाथनं काय केलं त्या दिवशी? मावशी बोलली, काय केलं, दोनदा खिचडी मागून घेतली आणि ताट घासून ठेवलं. आणि पंधरा ऑगस्टला अमावास्या नव्हती, पण जिलेबी कुणी भरवली? मावशीची पळी खाली आली. तरी ती हटणारी बाई नाय, बोलली, योगायोग. मग मी बोललो, ठीक हाय, आपण नाटक करू.

मी काशिनाथ झालो. मांडी तशीच, पाठ तशीच, खांदे तसेच. मास्तर बोलायचे तसा आधी हात शिकलो, त्याचा हात जेवायच्या आधी कुठं असतो ते आठवलं, तर तो ताटाच्या काठावर असतो, उजवा तळवा असा पालथा, ताट राखल्यासारखा. मावशीला बोललो, तू पाहुणी. ती पण रंगली, पदर खोचला, पुढ्यात येऊन उभी राहिली, माझी हनुवटी धरली, आ कर बाळा. आणि बघा, मी पन्नास नाटकं केलेला माणूस, मला ठाऊक हे खोटं हाय, समोर आमची वत्सलामावशी हाय, तरी तिचा घास ओठाला लागला आणि माझा हात आपोआप ताटावरनं उठला आणि तिच्या मनगटावर बसला. जोरात. ती मागं सरकली. तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. मग ती हळूच बोलली, अगं बाई, पाच-सहा दिवस मी त्याला भरवतेय. आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

मॅडमना एसटीडी बूथवरनं फोन केला. त्या बोलल्या, मीटिंगला मी येते, डॉक्टरांशी गोळीचं मी बोलते, तुम्ही फक्त वहीत लिहिलंय ते सांगा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग. शेठ, चार सभासद, बाई, मॅडम. चहा, बुंदीचे लाडू. त्यांचा चहा कपबशीत, माझा कोपऱ्यातल्या स्टीलच्या पेल्यात, तो पेला म्हणजे वेगळं पुराण हाय, आज नाय काढत. मॅडमनी समजावून सांगितलं, चांगलं सांगितलं, सोप्या शब्दात, की त्याला स्वतः खायचंय, तो हातानं नको सांगतो, आपण ऐकत नाही, म्हणून मग तो तोंडानं सांगतो. दाते आले तर जेवण ताटात वाढू दे, तो खाईल. मी वही वाचून दाखवली. शेठ घड्याळ बघत होते. बोलले, मॅडम, हे पुण्यात ठीक आहे. लोक प्रेमानं भरवतात. प्रेमानं दिलेल्या घासाला चावतो तो माणूस नव्हे. आईचा अंगठा आला का? बाई बोलल्या, नाही आला. शेठ बोलले, मग मी अध्यक्ष म्हणून सही करतो.

त्यांनी पेन काढलं, आणि माझं डोकं फिरलं. नाय, खोटं बोललो, डोकं फिरलं नाय, डोकं एकदम थंड झालं, पडदा वर जायच्या आधी होतं तसं. मी पुढं झालो. एक बुंदीचा लाडू उचलला. बोललो, शेठ, उपास सुटला ना कालच? ते बोलले, हो, का? मी त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो, कागदाच्या आणि त्यांच्या मधी, डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरली, गालाला छानपैकी चिमटा काढला, आणि आवाज काढला तो त्यांच्या व्याह्यांचा, हुबेहूब, माझ्या गोड बाळाला लाडू कोण देणार, आ कर बाळा, आणि लाडू ओठात घातला.

काडकन् वाजली. थप्पड. माझं तोंड उजव्या भिंतीकडं गेलं, लाडू चौघा सभासदांच्या कपात विखुरला. आता त्या थपडीत किती घासाचं होतं आणि किती माझ्या हाताचं होतं ते शेठच जाणोत, मी विचारलं नाय, मला ठाऊक हाय. ते लाल होऊन उभे. मी वही उघडली, मॅडमचं पेन घेतलं, आणि मोठ्यानं बोलत लिहिलं. आधी काय झालं, हनुवटी धरली, घास कोंबला, बाळ म्हटलं. त्यांनी काय केलं, मारलं. नंतर काय झालं. तिथं मी थांबलो.

बोललो, शेठ, तिसऱ्या खान्यात काय लिहू? तुम्हाला पण गोळी चालू करायची, का इस्पितळात पाठवायचं?

बाईंनी तो कागद शेठच्या हाताखालनं काढला आणि चार तुकडे करून आपल्या पर्समध्ये ठेवला. शाळेत चिठ्ठी पकडल्यावर ठेवायच्या तसा. बोलल्या, मीटिंग संपली.

काशिनाथ राहिला. मी नाय राहिलो. बेशिस्त म्हणून मला काढलं, आणि खरं बोलायचं तर बेशिस्त होतीच ती. आठ महिने मी एका खानावळीत भांडी विसळली. डॉक्टरांनी गोळी हळूहळू बंद केली, मॅडम मागं लागल्या होत्या, हाताची थरथर थांबायला दिवाळी उलटली. बाईंनी दारावर पाटी लावली, जेवण ताटात वाढावे, कोणीही घास भरवू नये. निम्मे दाते यायचे बंद झाले. बोलले, हातानं भरवायला मिळत नाय तर पुण्य कसलं. त्यांना मी आज पण शिव्या देतो, तुमच्यासमोर देत नाय एवढंच. बाई दारोदार फिरल्या, तांदूळ मागून आणले, पण पाटी काढली नाय, आणि पुढच्या पावसाळ्यात मला परत बोलावलं. शेठची परवानगी घेतली काय मला ठाऊक नाय.

आणि शेठ? ते अजून अध्यक्ष हायत. दर गॅदरिंगला भाषण करतात, आमच्या संस्थेत कुणाला घास भरवला जात नाही, स्वावलंबन, ही कल्पना मला एकदा मीटिंगमध्ये सुचली. मी मागं उभा राहून टाळ्या वाजवतो, सगळ्यात जोरात. आणि टाळी वाजते तेव्हा हा इथला गाल जरा गरम होतो.

म्हातारी चार वर्षांमागं गेली. तिला ती पंच्याची गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. काशिनाथला मी सांगितली, तो नीट ऐकून घेतो, हूं करतो, त्या हूंचा अर्थ मला अजून लागलेला नाय. आता पन्नाशीला आलाय, मिशी पांढरी झाली. दाढी माझ्याकडनंच करून घेतो, नखं काढू देतो, पण मी मनगटाला हात लावला की हात काढून घेतो. बारा-तेरा वर्षं झाली, अजून काढून घेतो. बरोबर हाय त्याचं. लोक अजून यांना मुलं बोलतात, मी रोज भांडतो, रोज हरतो, उद्या परत भांडणार.

घंटा झाली बघा. चला, हात धुवा, ही लिहायची वही बाजूला ठेवा, आता तुम्ही पंगतीला. तुमच्या समोरनं एक उंच माणूस मिठाची वाटी घेऊन येईल, नको बोलू नका, पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभर घेऊन ठेवा, लागो न लागो. आणि मी म्हातारीकडनं आलेला एक आशीर्वाद देतो, तो पण घ्या. मरेपर्यंत तुमचा हात तुमच्या तोंडाला पोचू दे. आणि नाय पोचला, तर भरवणाऱ्याला आधी विचारायची अक्कल येऊ दे.